मनगटावरील आपत्संदेश : रुक्मिणीच्या पत्रिकेपासून उपग्रहापर्यंत

वर्धा नदीच्या काठी, अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वसलेले कौंडण्यपूर हे विदर्भाच्या प्राचीन राजधानीचे, म्हणजेच कुंडिनपुराचे, स्थान होय असे परंपरा मानते. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी तेथे केलेल्या उत्खननाचा वृत्तान्त १९६८ साली प्रसिद्ध झाला. त्याने वस्तीचे प्राचीनत्व सिद्ध झाले. रुक्मिणीचे ऐतिहासिकत्व अर्थातच नव्हे. तथापि भागवताच्या दशम स्कंधात या नगरीतून द्वारकेस गेलेली जी पत्रिका आली आहे, तिचा विचार वाङ्मयाच्या अभ्यासकांनी पुष्कळ केला असला तरी आपत्संदेशाचा एक नमुना म्हणून तो सहसा होत नाही. तसा तो करणे येथे उपयुक्त आहे.

पत्रिका अवघ्या सात श्लोकांची आहे. स्तुतीचा भाग वजा केला तर तीत तीन गोष्टी उरतात : संकटात कोण आहे, सुटका कोठे शक्य आहे आणि ती केव्हा व्हावयास हवी. विवाहाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या यात्रेसाठी वधूस नगराबाहेर जावे लागते, तेथून हरण करावे, असे स्थलकालाचे स्पष्ट निवेदन तीत आहे. स्थळाचा खुलासा मात्र पुढील काळास पुरला नाही. कौंडण्यपूरचे लोक आपल्या गावचे अंबिकेचे मंदिर दाखवितात, तर अमरावतीकर हाच मान आपल्या अंबादेवीस देतात. चौथी गोष्ट पत्रिकेत नाही, पण कथेत आहे. पत्रिका घेऊन गेलेला ब्राह्मण, मराठी परंपरेतला सुदेव, परत येईपर्यंत रुक्मिणीची जी तगमग होते ती भागवतकाराने त्रेपन्नाव्या अध्यायात वर्णिली आहे. संदेश पोचला की नाही हे तिला ठाऊक नव्हते. संदेश आणि त्याची पोच या दोन भिन्न वस्तू होत, हा भेद आधुनिक तंत्रज्ञांस फार उशिरा उमगला.

बिनतारी यंत्रापूर्वी समुद्रावरील संकटग्रस्तांची हाक दृष्टीच्या आणि आवाजाच्या टप्प्यापलीकडे जात नसे. १९०६ च्या बर्लिन परिषदेत तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे हा संकेत ठरला व १९०८ च्या जुलैपासून तो अमलात आला. परंतु संकेत ठरणे आणि तो देण्याचे साधन जहाजावर असणे यांत किती अंतर असते, याचा दारुण पुरावा मुंबईच्या दारातच घडला. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. अमावास्येच्या सणासाठी घरी निघालेल्या चाकरमान्यांचा त्यांत मोठा भरणा होता. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. त्यामुळे अवघ्या काही मैलांवर असलेल्या मुंबई बंदरास दुपार उलटेपर्यंत अपघाताचा पत्ता नव्हता. तो लागला तो पोहत किंवा वाहत किनाऱ्यास लागलेल्या माणसांकडून. जे वाचले त्यांतले कित्येक कोळ्यांच्या होड्यांनी वाचविले, आणि त्या होड्या तेथे होत्या त्या योगायोगाने. द्वारकेचे अंतर रुक्मिणीने ओलांडले, ‘रामदास’ला रेवसची खाडीही ओलांडता आली नाही, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

विमानांच्या बाबतीत प्रश्न निराळा होता. पडलेल्या विमानातील माणसास संदेश देण्याची शुद्ध असेलच असे नाही. म्हणून धक्का बसताच आपोआप चालू होणारा प्रक्षेपक हवा. ऑक्टोबर १९७२ मध्ये अलास्कात हेल बॉग्ज व निक बेगिच हे दोन अमेरिकी लोकप्रतिनिधी विमानासह नाहीसे झाले आणि प्रदीर्घ शोधानंतरही सापडले नाहीत. त्यानंतर असे प्रक्षेपक सक्तीचे करण्याच्या चळवळीस तेथे जोर आला. ते १२१.५ मेगाहर्ट्झ या कंपनसंख्येवर केवळ एक चढउताराचा सूर काढीत. त्यात नाव नसे, गाव नसे. जवळून जाणाऱ्या विमानाने ऐकले तर ऐकले.

उपग्रहांनी हे चित्र पालटले. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएट संघ यांनी १९७९ मध्ये ‘कोस्पास-सारसॅट’ या योजनेचा करार केला. शीतयुद्ध ऐन भरात असताना हे चौघे एकत्र आले ही गोष्ट राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी अधिक लक्षात घेण्याजोगी आहे. पहिला उपग्रह ३० जून १९८२ रोजी सुटला आणि त्याच सप्टेंबरात कॅनडात कोसळलेल्या एका लहान विमानातील तिघांची सुटका झाली. स्थान काढण्याची रीत सोपी आहे. शिटी वाजवीत इंजिन जवळ येताना तिचा स्वर चढा आणि दूर जाताना उतरता ऐकू येतो. तद्वत् वेगाने जाणाऱ्या उपग्रहास प्रक्षेपकाची कंपनसंख्या बदलत गेल्यासारखी भासते व त्या बदलावरून त्याचे ठिकाण गणिताने निघते. भारतानेही या योजनेत भाग घेतला. बंगळूर व लखनौ येथे ग्राहक केंद्रे उभी राहिली आणि इन्सॅट मालिकेतील काही उपग्रहांवर आपत्संदेश ग्रहण करणारे यंत्र बसविण्यात आले.

या पार्श्वभूमीवर १९९५ मध्ये ब्राइटलिंग या स्विस घड्याळकंपनीने ‘इमर्जन्सी’ हे मनगटी घड्याळ विक्रीस आणले. त्याच्या पोटात १२१.५ मेगाहर्ट्झचा सूक्ष्म प्रक्षेपक होता. टोपण फिरवून तारेचे आकाशक बाहेर ओढले की संकेत सुरू होई आणि तो सुमारे अठ्ठेचाळीस तास चाले. ही हाक मुख्यत्वे शोधविमानांसाठी होती. विमानाच्या उंचीनुसार शे-दीडशे किलोमीटरवरून ती ऐकू येई. म्हणजे शोध आधी सुरू झालेला असावा, मग घड्याळाचा उपयोग. खोटी हाक दिल्यास शोधाचा खर्च सोसण्याचे लेखी अभिवचन ग्राहकाकडून घेतले जाई. १९९९ मध्ये बर्ट्रांड पिकार व ब्रायन जोन्स यांनी बलूनमधून अखंड पृथ्वीप्रदक्षिणा केली तेव्हा ही घड्याळे त्यांच्या मनगटांवर होती. जाहिरातीस याहून काय हवे होते!

१२१.५ वरील निनावी सुरांचा पुढे इतका सुकाळ झाला की उपग्रहांनी टिपलेल्या हाकांपैकी बहुसंख्य खोट्या निघू लागल्या. अखेर १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी ती कंपनसंख्या ऐकणे बंद केले आणि ४०६ मेगाहर्ट्झ हीच अधिकृत ठरली. या नव्या संकेतात प्रत्येक प्रक्षेपकाचा स्वतंत्र ओळख-अंक असतो व तो मालकाच्या नावे नोंदविता येतो. रुक्मिणीच्या पत्रिकेतील पहिली गोष्ट, ‘कोण’, ही यंत्राच्या संदेशात येथे प्रथम आली. खोट्या हाकेचा छडा आता एका दूरध्वनीने लागू लागला. २०१३ मध्ये आलेल्या दुसऱ्या ‘इमर्जन्सी’ घड्याळात म्हणून दोन्ही कंपनसंख्या आहेत : ४०६ वर उपग्रहास वर्दी आणि १२१.५ वर जवळ आलेल्या शोधपथकास वाट. त्याचा व्यास ५१ मिलिमीटर असून घटास वरचेवर विद्युत्भार द्यावा लागतो. एवढे अवजड व महाग घड्याळ मच्छिमाराच्या हाती येणे शक्यच नव्हते. तो श्रीमंतांचा अलंकार राहिला, हे त्याचे खरे वैगुण्य होय. तांत्रिक उणिवा त्यामानाने किरकोळ आहेत.

४०६ च्या यंत्रणेचे सामर्थ्य भारतीयांस सप्टेंबर २०१८ मध्ये दिसले. नौदलाचे अभिलाष टॉमी ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ या नौकेतून एकटेच जात असता दक्षिण हिंदी महासागरात वादळात डोलकाठ्या मोडल्या व त्यांच्या पाठीच्या कण्यास जबर दुखापत झाली. ‘थुरिया’ ही रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या ‘सुहैली’ची प्रतिकृती होती, मूळ ‘सुहैली’ १९६० च्या दशकात मुंबईच्या सुतारांनी बांधली होती. आधुनिक दिशादर्शनास बंदी असलेल्या या शर्यतीतही आपत्प्रक्षेपक सक्तीचा होता. संकेत मिळाला, विमानांनी नौका हुडकली आणि २४ सप्टेंबर रोजी ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्तीनौकेने त्यांना उचलले. पर्थपासून सुमारे तीन हजारांहून अधिक किलोमीटरवरील ही सुटका आणि मुंबईपासून काही मैलांवरील ‘रामदास’चा मुका अंत यांत एकाहत्तर वर्षांचे अंतर आहे.

संदेशयंत्राकडे पाहण्याची राज्यसंस्थेची दृष्टी मात्र दुहेरी राहिली आहे. १८८५ च्या तारायंत्र कायद्याने व १९३३ च्या बिनतारी कायद्याने परवान्यावाचून असे यंत्र बाळगणे गुन्हा ठरविले. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर ही कडक नजर अधिकच तीव्र झाली. २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या आरंभी गोवा व दिल्ली येथील विमानतळांवर उपग्रहमार्गे संदेश देणारी लहान यंत्रे जवळ बाळगल्यावरून परदेशी प्रवाशांस अडविण्यात आले. वास्तविक ती डोंगरदऱ्यांतील भटक्यांची नेहमीची साधने होत. शत्रूचा दूत आणि संकटग्रस्ताचा दूत यांत फरक कसा करावा, हा प्रश्न रुक्मीच्या पहारेकऱ्यांपुढेही असणारच. २०२५ पासून काही मनगटी घड्याळांतून उपग्रहामार्फत मदत मागण्याची सोय परदेशांत झाली असल्याने हा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहील.

मच्छिमारांसाठी भारतीय अंतराळ संशोधन संघटनेने वेगळी वाट धरली. तिचा आपत्संदेश-प्रक्षेपक २०१० पासून वापरात असून अशी वीस हजारांहून अधिक यंत्रे नौकांवर गेली. नावेचे स्थान आणि आग, बुडण्याचा धोका किंवा आजारपण यांपैकी संकट कोणते, हे त्यातून कळविता येते. परंतु कळ दाबणाऱ्यास आपली हाक ऐकली गेली की नाही हे समजत नसे. जानेवारी २०२४ मध्ये प्रसृत झालेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात ही उणीव भरून काढण्यात आली : किनाऱ्यावरील केंद्राकडून पोच येते आणि वादळाची पूर्वसूचनाही त्याच मार्गाने नावेपर्यंत जाते. सोन्यारुप्याच्या किमतीच्या त्या स्विस घड्याळात हा परतीचा सुदेव नाही. आकाशक ओढल्यानंतर ते धारण करणाऱ्याने वाट पाहावयाची एवढेच.