काष्ठठशावरील व्यक्तिचित्र : चित्रकार आणि कोरक

प्रबोधनकालीन व्यक्तिचित्रांचा विचार बहुधा रंगचित्रांच्या आधारे केला जातो. तथापि सोळाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत लाकडी ठशांवरून छापल्या गेलेल्या व्यक्तिचित्रांनी एक निराळाच प्रश्न उपस्थित केला : मुखसादृश्याचे श्रेय रेखाटणाऱ्याचे, की कोरणाऱ्याचे?

या प्रश्नाचे मूळ ठशाच्या घडणीतच आहे. ठशासाठी तंतूंच्या दिशेने कापलेली, घट्ट पोताची फळी घेत. तिच्यावर रेखाटन झाले की कोरक प्रत्येक रेषेच्या दोन्ही अंगांचे लाकूड सुरीने काढून टाकी. मागे उरलेल्या उंचवट्यालाच शाई लागे. चित्रकाराच्या एका रेषेसाठी कोरकास निदान दोन छेद घ्यावे लागत. पापणीखालची रेषा केसभर सरकली तरी मुद्रा पालटे.

ड्यूररने १५२२ मध्ये आपला स्नेही उल्रिख फार्नब्यूलर याचे ठसाचित्र केले. त्याचे त्याच वर्षीचे पूर्वरेखाटन व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. या चित्रात काळ्या रेषांचा ठसा स्वयंपूर्ण आहे. सुमारे एका शतकानंतर आम्स्टरडॅममध्ये त्याला रंगछटेच्या ठशांची जोड देण्यात आली. परंतु त्या जोडीवाचूनही चेहरा पूर्णच होता.

याच्या अगदी उलट उदाहरण त्यापूर्वी दहा वर्षांचे आहे. आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायरने १५१२ मध्ये हान्स बाउमगार्टनर याचे व्यक्तिचित्र रचले व योस्ट डे नेगकर याने त्याचे ठसे कोरले. येथे तीन ठसे आहेत आणि तिन्ही रंगछटांचेच. एकट्याने चित्र उभे करील असा रेषांचा ठसा त्यांत नाही. उजेड दाखवावयाचा तेथे लाकूड काढून कागदाचा पांढरेपणा राखला आहे. तिन्ही ठसे एकमेकांवर नेमके बसले तरच गाल, कपाळ व टोपीची कड आकारास येतात. अशा चित्रात कोरकाचे काम अनुकरणापुरते उरत नाही. छटांची विभागणी हीच चित्राची रचना ठरते.

त्याच वर्षी डे नेगकरने सम्राट माक्सिमीलियानला पत्र लिहून ग्रंथचित्रांच्या कामासाठी दोन साहाय्यक कोरक मागितले. अखेरचा हात आपण स्वतः फिरवू, म्हणजे सर्व काम एकाच हातचे दिसेल, असे त्याचे आश्वासन होते. कोरकाची ही प्रतिज्ञा अर्थपूर्ण आहे. अनेकांचे श्रम दिसू नयेत यातच तो आपले कौशल्य मानीत होता. परंतु जो एक हात दिसावयाचा, तो त्याचा स्वतःचा होता. म्हणून बाउमगार्टनरच्या चित्राखाली केवळ बुर्कमायरचे नाव घेणे अपुरे होय.