दोन आजारांमधली रेघ

1859 च्या मे महिन्यात लंडनजवळच्या रिचमंडमध्ये इझाबेला बँक्स वारली. आठवडेच्या आठवडे जुलाब, उलट्या. तिच्याशी लग्न केलेल्या थॉमस स्मेथर्स्टची पहिली बायको जिवंत होती, त्यामुळे संशय विषाचाच आला. रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड टेलर यांना एका बाटलीत आर्सेनिक सापडलं. पुढे त्यांनीच कबूल केलं, की ते तपासणीला वापरलेल्या तांब्यातून आलं होतं. तरीही स्मेथर्स्टला फाशी सुनावली गेली. ती नंतर रद्द झाली.

गाइज हॉस्पिटलच्या डॉ. सॅम्युअल विल्क्स यांनी तिच्या आतड्यातल्या जखमांचं वर्णन लिहून ठेवलं. मोठं आतडं सुजवणाऱ्या ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’चा इतिहास बहुधा तिथून सांगायला घेतात. पण लहान आतड्याचं टोकही सुजलेलं होतं. आज ते वर्णन वाचणारे अनेक डॉक्टर म्हणतात, हा तर क्रोनचा आजार! ज्यांच्या नावाचा तो आजार, त्या बरिल क्रोन यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता.

ग्लासगोच्या डॅल्झेल या सर्जननी 1913 मध्ये असेच 9 रुग्ण मांडले. मेलेला वाम मासा ताठरतो तसं आतडं हाताला लागतं, असं ते सांगतात. एवढ्या एका उपमेतून आजार डोळ्यांपुढे उभा राहतो. नाव मात्र पडलं न्यूयॉर्कच्या क्रोन यांचं. 1932 च्या त्यांच्या 14 रुग्णांच्या निबंधावर गिन्झबर्ग आणि ओपनहायमर हेही लेखक होते, पण नावं वर्णक्रमानं छापली गेली. मला हा त्या दोघांवरचा अन्यायच वाटतो.

तेव्हा रेघ जागेवरून ओढलेली होती: लहान आतडं म्हणजे क्रोन, मोठं म्हणजे कोलायटिस. 1960 मध्ये लंडनच्या लॉकहार्ट-ममरी आणि मॉर्सन यांनी क्रोन मोठ्या आतड्यातही होतो हे नीट दाखवलं आणि ती पुसली. आता बघायचं ते खोली आणि पसरण. कोलायटिस गुदाशयापासून सलग वर चढतो, पण आतल्या अस्तरापुरता राहतो. क्रोन मध्ये मध्ये निरोगी पट्टा सोडून तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही उगवतो, भिंत आरपार पोखरतो, भगंदर करतो. म्हणूनच मोठं आतडं काढल्यावर कोलायटिसचा त्रास आतड्यापुरता संपतो. क्रोन उरलेल्या आतड्यात परत येतो. निदान चुकलं तर ऑपरेशनचा हिशेबच चुकतो.

आपल्याकडे या दोघांत तिसरा शिरतो, आतड्याचा टीबी. त्याची आवडती जागा क्रोनचीच, लहान-मोठ्या आतड्याचा सांधा. सूक्ष्मदर्शकाखाली गाठीही तशाच. डॅल्झेलनाही आधी टीबीचीच शंका निस्तरावी लागली होती. दुर्बिणीतून काढलेला तुकडा तपासूनही उलगडा झाला नाही, तर आपले डॉक्टर बरेचदा टीबीची औषधं सुरू करतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालतात. जखमा भरलेल्या दिसल्या तर कोर्स पुरा करायचा. त्या तशाच असतील, तर फाइलवर ‘क्रोन’ लिहिलं जातं.