न सोडलेली माणसं

परवा धुळ्याचा मित्र पेढे घेऊन आला. चार वर्षांत तिसरी कंपनी! आम्ही खान्देशातली पोरं क्रिकेटवाली, पण मला आठवला गोव्याचा धेंपो फुटबॉल क्लब.

२००५ ते २०१२ मध्ये धेंपोने पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, ती माणसं टिकवून. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो तेच, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा घरचेच. नायजेरियाहून आलेला रँटी मार्टिन्ससुद्धा आठ वर्षं राहिला.

२०१२ला रँटी कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडकडे गेला, पुढच्या वर्षी कुलासोही गेले. २०१५ला धेंपो आय-लीगमधून खाली घसरला. कारणं बरीच असतील, पण जुळलेली टीम विकत मिळत नाही हेच खरं.

असो. मित्राला विचारलं, "पेढे मस्त रे, पण तुझ्या जुन्या टीमचं काय झालं?"