पडीक, परती आणि माळढोक : झाशी परिसरातील कृषिव्यवहाराचा एक इतिहास

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मुळे झाशी मराठी मनात ठसली ती वेढा, लूट आणि कत्तल यांच्या रूपाने. चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथाची चर्चा १८५७चे साधन म्हणून पुष्कळ झाली. तटाबाहेरच्या शेतजमिनीचा आणि तिच्या आश्रयाने जगणाऱ्या पशुपक्ष्यांचा इतिहास मात्र महसुली कागदांत शोधावा लागतो, आणि तिथे तो बहुधा तक्रारीच्या भाषेत येतो.

ही तक्रार प्रामुख्याने कांसाविषयी आहे. बुंदेलखंडातील मार आणि काबर या काळ्या जमिनींत कांस एकदा शिरला, की त्याची खोलवर गेलेली मुळे लाकडी नांगराला उपटत नसत. दुष्काळात बैल मेले, माणसे परागंदा झाली, की तो आणखी पसरे. शेतकरी मग बांध घालून शेतात पाणी कोंडीत, अथवा दहापंधरा वर्षे ते सोडून देत. तेवढ्या काळात कांस आपोआप विरळ होई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जमाबंदीचे अहवाल आणि ड्रेक-ब्रॉकमन यांचे १९०९चे झाशी गॅझेटियर यांची दृष्टी अर्थातच साऱ्याच्या हिशेबाची आहे. कसलेली ती जमीन, न कसलेली ती पडीक. परंतु ‘परती’ म्हणजे विसावा घेणारी जमीन आणि ‘पडीक’ म्हणजे वाया गेलेली जमीन, हा भेद शेतकऱ्याच्या व्यवहारात होता. उंच कांसात रोही व रानडुक्कर दडत. गुरांनी चरून खुरटलेल्या परतीवर काळवीट वावरत. माळढोकालाही अशीच मोकळी जमीन लागते. मादी उघड्या भुईवर बहुधा एकच अंडे घालते आणि नाकतोड्यांबरोबर शेतातील दाणेही तिच्या आहारात असतात. म्हणजे या पक्ष्याला शेती वर्ज्य नव्हती. मधूनमधून थांबणारी शेती त्याला हवी होती.

हे थांबणे यंत्राने संपवले. १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला १ कोटी डॉलरचे कर्ज दिले, ते मध्य भारतातील कांसग्रस्त जमिनी ट्रॅक्टरने फोडण्यासाठी. अन्नटंचाईच्या त्या दिवसांत या निर्णयाला दोष देणे आज सोपे आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. पुढे सिंचन वाढले, दुसरे पीक आले, आणि परतीचे प्रयोजनच उरले नाही.

झाशीहून शिवपुरीकडे जाताना लागणाऱ्या करैरा येथे १९८१ मध्ये माळढोकासाठी सुमारे २०२ चौ. कि.मी.चे अभयारण्य झाले. त्यात खाजगी शेते होती. जमिनीच्या खरेदीविक्रीवर बंधने आली. संरक्षणामुळे काळवीट वाढले आणि उभी पिके खाऊ लागले. ज्याला लोक प्रेमाने ‘सोनचिरैया’ म्हणत, त्या पक्ष्यावरच गावकऱ्यांचा रोष वळला. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत माळढोक तिथून नाहीसा झाला. काळवीट राहिले.

महाराष्ट्रातील अनुभव याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ मध्ये घोषित झालेले माळढोक अभयारण्य ८,४९६ चौ. कि.मी.चे होते. कागदावर त्यात गावे, बाजारपेठा, साखर कारखान्यांचा ऊस, सारेच आले. ते पुढे १,२२२ चौ. कि.मी.वर आणावे लागले. हिंदीने पक्ष्याच्या नावात सोने पाहिले, मराठीने माळ. मराठी नाव अधिक नेमके आहे, असे म्हणावेसे वाटते. मात्र सातबाऱ्यावर माळाची नोंद पोटखराबा किंवा पडीक अशीच होते.

बुंदेलखंडात रब्बीनंतर गुरे मोकळी सोडण्याची ‘अन्ना’ प्रथा परतीच्याच व्यवस्थेचा भाग होती. गुरे चरत, शेण पडे, आणि पेरणीपूर्वी ती पुन्हा दावणीला येत. ट्रॅक्टरने बैल निरुपयोगी ठरल्यावर ती परत नेण्याची गरज उरली नाही. आता तीच गुरे बारमाही उभ्या पिकांत शिरतात, शेतकरी काटेरी तार ओढतो, आणि त्या तारेत रोहीही सापडते.