तीन दिवसांची बॅग

रविवार, २७ एप्रिल १९८६. सोव्हिएत युक्रेनमधल्या प्रिप्यात शहरात दुपारी रेडिओवर निवेदन झालं: शहर तात्पुरतं रिकामं करायचंय. कागदपत्रं, अगदी गरजेच्या वस्तू आणि थोडं खाणं घ्या. गॅस, नळ, दिवे बंद करा. दोन वाजता बस येतील.

शेजारच्या चेर्नोबिल अणुवीज केंद्रातली चौथी अणुभट्टी शनिवारी पहाटे १:२३लाच फुटली होती. मधला दीड दिवस मुलं बाहेर खेळत होती.

तीनच दिवसांचा प्रश्न आहे, असं लोकांना सांगितलं गेलं. बॅग भरली जाते ती सांगितलेल्या दिवसांच्या हिशोबाने. तीन दिवसांसाठी लग्नाचा अल्बम कोण घेईल? किंवा हिवाळ्याचा कोट? कुत्री-मांजरं तर मागेच राहिली.

घबराट टाळायची, रस्ते मोकळे ठेवायचे, हे प्रशासनाचं गणित समजू शकतं. सुमारे १,२०० बसमधून ४९ हजारांच्या आसपास माणसं काही तासांत हलवली, हेही खरंच. पण खरी मुदत कळली असती, तर त्यांनी वेगळ्या वस्तू उचलल्या असत्या.

पुढे काहींना सामान आणायला थोडा वेळ आत सोडलं, तेव्हा बऱ्याच वस्तू किरणोत्सारामुळे नेण्याजोग्या उरल्या नव्हत्या. शहर अजूनही रिकामंच आहे.