काळी, पांढरी आणि वतन

दख्खनच्या जुन्या कागदपत्रांत गावाची वाटणी दोन रंगांत केलेली आढळते: पिकते ती काळी, आणि जीवर माणसे राहतात ती पांढरी. काळीचा अर्थ सांगावयास नको. परंतु पांढरीला पांढरी का म्हणावे, हे एखाद्या ओसाड गावठाणाच्या खचलेल्या कडेशी उभे राहिल्याखेरीज नीट पटत नाही. पावसाळ्यात ढासळलेल्या भिंती, त्यांच्याच चिखलावर पुन्हा रचलेल्या भिंती, सारवणाचे पापुद्रे, चुलीतली राख, हाडांचा चुरा, हे सारे एकावर एक बसून जी भुरकट माती तयार होते, ती मनुष्याच्या वसतीनेच घडविलेली असते. नेवासे, इनामगाव येथील उत्खननांत पंडितांनी असल्याच टेकाडांतून सहस्रावधी वर्षांमागची घरे हुडकून काढली. शेतकरी मात्र तसली माती खत म्हणून गाड्या भरभरून नेत आले होते! पुढे हा रंग माणसांनाच चिकटला, आणि 'समस्त पांढरी' म्हणजे सारा गाव असे दप्तरी लिहू लागले.

फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांची कथा निराळी. 'जमीन' तर परका म्हणूच नये. त्याचे इराणी मूळ आणि वेदांतील भूमिवाचक 'क्षम्' हे एकाच कुळातले, म्हणजे दुरावलेला चुलतभाऊच घरी परतला. 'वतन' मात्र अरबीत राहण्याचे ठिकाण, गुरेमेंढरे बसण्याची जागासुद्धा. इकडे येताच त्यास पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी अशा वंशपरंपरागत हक्काचा अर्थ आला, आणि त्या हक्कापायी भाऊबंद गोतसभेपुढे, म्हणजे वतनाचे तंटे तोडणाऱ्या गावसभेपुढे, पिढ्यान्‌पिढ्या भांडत राहिले. मराठेशाहीतील रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' हा राजनीतिग्रंथ वतनदारांकडे साशंक दृष्टीने पाहतो, ते उगीच नव्हे.

परंतु या शब्दाची खरी विपरीत गत झाली ती महारकीत. ज्या महारास गावकुसाबाहेर, म्हणजे पांढरीच्याही बाहेर राहावे लागे, त्याच्या राबण्यालाही वतनच म्हणत: शिवेची राखण, सरकारी निरोप, खजिन्याची ने-आण, वेळीअवेळी हाक येताच हजर होणे, आणि मोबदला म्हणून थोडे बलुते व हाडकी-हाडवळा म्हणून ओळखली जाणारी इनाम जमीन. इंग्रजी अमलात १८७४ च्या वतन कायद्याने या व्यवस्थेस कायद्याची चौकट दिली. त्यात दुरुस्ती करण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. ही कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडले.