अंतःस्रावी ग्रंथिविकारतज्ञ, महाराष्ट्रातील

अवटू, परावटू, पोष, अधिवृक्क इ. ग्रंथी आपले स्राव नलिकेवाटे बाहेर न टाकता सरळ रक्तात सोडतात. या स्रावांना हॉर्मोने म्हणतात. त्यांच्या न्यूनाधिक्यामुळे होणाऱ्या विकारांचे निदान व उपचार करणारा वैद्य म्हणजे अंतःस्रावी ग्रंथिविकारतज्ञ होय. मधुमेह, गलगंड, खुरटलेली वाढ, वंध्यत्वाचे काही प्रकार यांचा त्याच्या कक्षेत समावेश होतो.

‘हॉर्मोन’ ही संज्ञा ई. एच. स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये वापरात आणली. तत्पूर्वी १८९१ मध्ये जॉर्ज मरी यांनी मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क देऊन अवटुन्यूनतेच्या रोग्यावर यशस्वी उपचार केले होते. १९२२ पासून मधुमेहावर इन्शुलीन वापरले जाऊ लागले. तथापि रक्तातील बहुतेक हॉर्मोनांचे प्रमाण अत्यल्प असल्याने ते मोजता येत नसे व निदान मुख्यतः बाह्य लक्षणांवरूनच करावे लागे. एस. ए. बर्सन व रोझॅलिन यॅलो यांनी किरणोत्सर्गी समस्थानिकांवर आधारलेली मापनपद्धती १९६० च्या सुमारास प्रस्थापित केली आणि या शाखेला भक्कम पाया मिळाला. या कार्याबद्दल यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन त्यापूर्वीच निवर्तले होते.

महाराष्ट्रात या शाखेची वाढ प्रथम मुंबईत झाली. तेथे १९५५ मध्ये डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तुर्भे येथील ‘अप्सरा’ ही अणुभट्टी १९५६ मध्ये कार्यान्वित झाल्यावर किरणोत्सर्गी समस्थानिकांची देशातच निर्मिती शक्य झाली. अवटू ग्रंथी रक्तातील आयोडीन शोषून घेत असल्यामुळे किरणोत्सर्गी आयोडीन तिच्या तपासणीस व उपचारास विशेष उपयुक्त ठरते. अणुऊर्जा खात्याने १९६३ मध्ये परळ येथे स्थापिलेले रेडिएशन मेडिसिन सेंटर अवटुविकारांच्या चिकित्सेचे प्रमुख केंद्र बनले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्यानजीकच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास केला. तेथील नवजात अर्भके इंग्लंडमधील अर्भकांपेक्षा वजनाने बरीच कमी असली, तरी त्यांच्या शरीरातील मेदाचे प्रमाण त्या मानाने टिकून असल्याचे दिसून आले. मधुमेहाचा संबंध गर्भावस्थेतील पोषणाशी जोडणारे हे संशोधन महत्त्वाचे मानले जाते.

मराठवाड्यातील परिस्थिती भिन्न होती. जालना परिसर १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात व नंतर त्याच नावाच्या राज्यात असल्याने उच्च वैद्यकीय शिक्षणाचे केंद्र दूर हैदराबादला होते. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये निघाले. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला; जालना शहरी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मात्र २०२४ मध्ये सुरू झाले. ग्रंथिविकारतज्ञास एम. डी. नंतर आणखी तीन वर्षांचा डी. एम. हा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो व असे तज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांतच आढळतात. त्यामुळे अंबड, भोकरदन, मंठा यांसारख्या तालुक्यांत विकार प्रथम ओळखण्याची जबाबदारी मुख्यतः सामान्य वैद्य व परिचारिका यांवरच पडते.

या विलंबाचे परिणाम सर्व विकारांत सारखे नसतात. प्रौढ व्यक्तीतील अवटुन्यूनता उशिरा लक्षात आली, तरी औषधाने ती बहुधा आटोक्यात येते. जन्मजात अवटुन्यूनतेवर मात्र पहिल्या काही आठवड्यांत उपचार सुरू झाले नाहीत, तर बालकाच्या मेंदूची वाढ कायमची खुंटते. जन्मतः असे बालक पुष्कळदा निरोगी भासते. टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब कागदावर वाळवून दूरच्या प्रयोगशाळेकडे पाठविता येतात व निदान झाल्यास स्वस्त गोळीने उपचार होऊ शकतो. आयोडीनयुक्त मिठाचा उपायही असाच तज्ञावाचून घरोघर पोहोचणारा आहे. कांग्रा खोऱ्यात १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांनी त्याची उपयुक्तता सिद्ध केली. राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. तज्ञांची संख्या वाढविण्याइतकेच नवजातांची वेळीच तपासणी होणे हे जालन्यासारख्या जिल्ह्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.